कंपवातावर स्टेम सेल : पैसे भरायच्या आधी हे वाचा

वाघूरकाठ :

रावेर, यावल, चोपडा भागातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक जाहिरात फिरतेय. पार्किन्सन (म्हणजेच कंपवात), अल्झायमर, मोटर न्यूरॉन (हालचालींच्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार), सगळ्यांवर एकच स्टेम सेल उपचार, ऑपरेशन नाही, नुसती सुई, त्याच दिवशी घरी. खाली जपानच्या बातमीचं कात्रण चिकटवलंय. आमच्या नानांना पार्किन्सन आहे हे सगळ्या नातेवाइकांना माहीत, त्यामुळे ती मला चहूकडून येतेय. प्रत्येकाने प्रेमानेच पाठवलीय. म्हणूनच एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

मी जळगावच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही. पण पेशी हा माझा रोजचा विषय आहे आणि आजार घरात आहे.

एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कात्रणातली स्टेम सेल आणि त्या सुईतली स्टेम सेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव तेवढं एक. स्टेम सेल म्हणजे जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशी मूळ पेशी.

जपानची बातमी खरी आहे. क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१८ पासून ७ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आले. रुग्ण ५० ते ६९ वयाचे होते. आता तिथे काय केलं ते बघा, कारण जाहिरातीत नेमकं तेच गाळलंय. एका निरोगी माणसाच्या रक्तातल्या पेशी घेतल्या. त्यांना प्रयोगशाळेत मागे नेत नेत अशा अवस्थेला आणलं, की त्यांच्यातून शरीरातली कुठलीही पेशी घडवता यावी. ही किमया शिन्या यामानाका यांची. २००६ मध्ये उंदराच्या पेशींवर, २००७ मध्ये माणसाच्या, आणि २०१२ चं नोबेल. मग त्या पेशींना टप्प्याटप्प्याने डोपामिन (हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन, पार्किन्सनमध्ये तेच कमी पडतं) बनवणाऱ्या मेंदूपेशींच्या वाटेला लावलं, नको त्या पेशी निवडून बाजूला काढल्या, आणि कवटीला लहान भोकं पाडून मेंदूत दोन्ही बाजूंना, जिथे डोपामिन कमी पडतं नेमक्या त्या जागी, ५० लाख ते १ कोटी पेशी सोडल्या. शरीराने त्या परक्या पेशी मारून टाकू नयेत म्हणून पुढे वर्षभराहून जास्त काळ प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं.

जाहिरातवाले काय करतात? रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून मज्जा किंवा पोटाची चरबी काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि शिरेतून किंवा मणक्यात सुईने देतात. या पेशींपासून हाड, कूर्चा, चरबी तयार होऊ शकते. मेंदूत जाऊन त्या डोपामिनच्या चेतापेशी बनतात याला पुरावा नाही. शिरेतून दिल्या तर त्यातल्या बहुतेक फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात. कापसाची सरकी पेरून केळी येणार नाही, रान कितीही चांगलं असो.

कुणाच्या घरी पैशांची जमवाजमव चालू असेल तर कृपा करून थांबा आणि आधी इथे विचारा.

केळीबाग :

ताई, तुमचा धागा अगदी वेळेवर आला. वडील ६४ चे. उजवा हात थरथरतो, चाल बारीक झाली, सही लहान होत होत आता बँकेत जुळत नाही. मोठ्या काकांनी त्या ठिकाणी फोन करून ठेवलाय. साडेचार लाख सांगितले, तीन सुयांचे, आणि निम्मे आगाऊ. काका म्हणतात, घड निघाले की भरून टाकू, बापापेक्षा पैसा मोठा आहे का? यावर मी काय बोलणार? नाही म्हटलं तर घरात मीच वाईट.

एक विचारायचं होतं. जपानमध्ये ते ७ लोक बरे झाले का?

वाघूरकाठ :

दादा, 'बरे झाले' असं तिथल्या डॉक्टरांनीही म्हटलेलं नाही. ती चाचणी मुख्यतः सुरक्षितता बघायला होती. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम झाला नाही, गाठ झाली नाही, ही खरी मोठी बातमी. परिणाम ६ जणांचा तपासला. औषधाचा असर उतरलेला असताना हालचाली कशा होतात हे गुणांनी मोजतात. ते गुण ४ जणांचे सुधारले, बाकीच्यांचे नाही. मेंदूच्या स्कॅनमध्ये डोपामिन बनण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, म्हणजे पेशी जगल्या आणि कामाला लागल्या. गोळ्या मात्र सगळ्यांच्या चालूच होत्या.

'नेचर'च्या त्याच अंकात अमेरिका-कॅनडातल्या १२ रुग्णांचीही चाचणी आहे. तिथे भ्रूणपेशींपासून बनवलेल्या पेशी वापरल्या. १८ महिने तब्येती ठीक, जास्त मात्रेच्या गटात सुधारणा जास्त. आता त्याच पेशींची सुमारे १०० रुग्णांची मोठी चाचणी सुरू झालीय. जपानमध्ये कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारकडे परवानगीचा अर्ज केला.

मला हे सगळं वाचून मनापासून आनंद होतो. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी रुजल्या, ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच या कामाचं नाव वापरून कुणी रावेरच्या शेतकऱ्याकडून साडेचार लाख घेतं तेव्हा माझं डोकं फिरतं.

पांझरा :

धुळ्यात न्यूरोची प्रॅक्टिस करतो. वाघूरकाठ यांनी बरोबर लिहिलंय. थोडा इतिहास जोडतो, कारण 'एवढं काय थांबायचं' असं मला ओपीडीत रोज ऐकावं लागतं.

मेंदूत पेशी घालायची कल्पना आजची नाही. स्वीडनमधल्या लुंडला १९८७ पासून गर्भाच्या मेंदूतल्या पेशी पार्किन्सनच्या रुग्णांना बसवल्या गेल्या. काही जणांना फार चांगला गुण आला, जगभर बातम्या झाल्या. मग अमेरिकेत ४० रुग्णांवर नीट चाचणी केली. निम्म्यांना पेशी दिल्या, निम्म्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडून ती बंद केली. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. २००१ मध्ये निकाल आला. साठीच्या वरच्या रुग्णांना ठोस फायदा दिसला नाही. तरुणांना थोडा दिसला, पण पेशी मिळालेल्यांपैकी साधारण १५ टक्क्यांना नंतर अंग वेडंवाकडं हलण्याचा त्रास सुरू झाला आणि औषधं कमी करूनही तो थांबेना. बसवलेली पेशी परत काढता येत नाही.

त्या निकालाने हे क्षेत्र बरंच मागे गेलं. आज क्योटोवाले पेशी निवडून, मोजून, सात-सात रुग्णांवर सावकाश पुढे जातात, ते त्यामुळे.

आता कायद्याचं. भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या आजारांत बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात, तो स्थापित उपचार. पार्किन्सन, अल्झायमर, मोटर न्यूरॉन यांपैकी एकाही आजारावर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. द्यायचा तर मंजूर चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. केळीबाग, हे वाक्य काकांना वाचून दाखवा. जिथे साडेचार लाख मागतात तिथे चाचणी चाललेली नाही.

गार्ड_भुसावळ :

मी स्वतः रुग्ण आहे. रेल्वेत गार्ड होतो, आता वय ७१. बोलून टाइप करतोय, चुका झाल्या तर समजून घ्या.

तुम्ही सगळे शिकलेले, बरोबरच बोलताय. पण इकडच्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासाने अंग मोकळं होतं. पुढे दोन-अडीच तास मी माणसात असतो. मग उतरते. उतरली की पाय फरशीला चिकटतात. खोलीतून ओट्यावर यायचं तर दारात गाडी थांबते, सिग्नलच मिळत नाही. मंडळींनी दारापाशी फरशीवर लाल चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारलेत. पट्टा ओलांडायचा असं मनात आणलं की पाय उचलतो. का उचलतो देव जाणे, पण उचलतो.

पूर्वी रात्री-बेरात्री मालगाडी घेऊन खंडव्यापर्यंत एकटा जायचो. आता शर्टाच्या गुंड्या दुसऱ्याने लावायच्या. अशा माणसाला तुम्ही सांगता, अजून पाच-सात वर्षं थांबा. माझ्याकडे कुठे तेवढी वर्षं? सुईने नुकसान होत नसेल तर मी का घेऊ नये? पैसा माझ्या पेन्शनचा आहे.

वाघूरकाठ :

काका, तुमच्या प्रश्नाला पळवाट काढून उत्तर देणार नाही.

थांबा म्हणणं सोपं आहे, थांबणं तुम्हाला आहे. ते मला नानांकडे बघून रोज कळतं. पण 'नुकसान होत नसेल तर' याचीच खात्री कुणी देत नाही. इस्रायलमधल्या एका मुलाला मेंदूच्या दुर्मीळ आजारासाठी मॉस्कोला नेऊन गर्भातल्या चेतापेशी दिल्या होत्या. पुढे त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी निघाल्या आणि तपासात त्या दुसऱ्याच्या पेशींपासून वाढलेल्या निघाल्या. २००९ मध्ये हे छापून आलं. स्वतःच्या मज्जेतल्या पेशींना हा धोका त्या मानाने कमी, पण मणक्यात सुई म्हटली की जंतुसंसर्ग आहे, आणि त्या पेशी कुठल्या खोलीत कुणी तयार केल्या हे तुम्हाला दाखवत नाहीत.

दुसरं, उद्या आपल्याकडे खरी चाचणी सुरू झाली तर आधी कुठलाही पेशी-उपचार घेतलेल्या रुग्णाला साधारणपणे तिच्यात घेत नाहीत. आजची सुई उद्याचं दार बंद करू शकते.

अमळनेरची_लेक :

इथे लिहू की नको असं चाललं होतं. लिहितेच.

आईला दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात नेऊन अशा सुया दिल्या. ठिकाणाचं नाव घेत नाही. भावांनी वाटून पैसे घातले, माझी पाटली गेली. पावतीवर फक्त 'प्रक्रिया शुल्क' लिहिलंय. कुठल्या पेशी, किती, कुठे तयार केल्या, एक अक्षर नाही. संमतीपत्र इंग्रजीत, सात-आठ पानांचं, ऑपरेशन थिएटरच्या दारात सही घेतली.

घरी आल्यावर आई म्हणे, 'बेटा, माले बरं वाटी राह्यनं.' आणि खरंच चालत होती! आखाजीला झोक्यावर बसली, आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. पावसाळा सुरू झाला तशी परत जागच्या जागी. फोन केला तर म्हणाले, बूस्टर डोस घ्या. त्याचे पैसे वेगळे.

मला अजून कळत नाही, काहीच नव्हतं तर ती चालली कशी? नाटक करणारी बाई नाही ती.

पांझरा :

ताई, आईंनी नाटक केलेलं नाही. त्यांना बरं वाटलं ते खरं होतं. पार्किन्सनमध्ये हे इतर आजारांपेक्षा जास्त दिसतं. बरं वाटणार या नुसत्या अपेक्षेने मेंदू स्वतःजवळचं उरलंसुरलं डोपामिन सोडतो. २००१ मध्ये स्कॅन करून हे दाखवलं गेलंय.

याहून बोलका प्रयोग २०१५ चा. अमेरिकेत १२ रुग्णांना दोन सुया दिल्या. सांगितलं, औषध सारखंच आहे, पण एक १०० डॉलरला बनतं आणि दुसरं १५०० ला. दोन्हींत नुसतं मिठाचं पाणी होतं. महाग म्हणून दिलेल्या सुईने हालचालींत जास्त सुधारणा झाली. साडेचार लाख मोजले, पाटली मोडली, सगळं घर सोबत गेलं, तर तो परिणाम किती मोठा असेल याचा विचार करा. तो टिकत मात्र नाही. चाचणीत खोटी सुई किंवा खोटं ऑपरेशन ठेवतात ते याचसाठी. आणि जाहिरातीत रुग्णांचे व्हिडिओ असतात ते कुठल्या आठवड्यात काढलेले असतात, तेही आलं यात.

क्योटोच्या चाचणीतही खोट्या ऑपरेशनचा गट नव्हता. म्हणून मी त्या ४ जणांच्या सुधारणेकडेही आशेने, पण हात राखून बघतो. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तो गट आहे. खरं उत्तर तिथून येईल.

शहादेकर :

डॉक्टरसाहेब, माझ्या मेव्हण्याला मोटर न्यूरॉन आहे आणि सासूबाईंना विसरण्याचा आजार. त्यांच्यासाठी यातलं काही? आणि दुसरं, आमच्याकडे शेतात पॅराक्वाट मारतात. त्याने कंपवात होतो म्हणतात, खरं का?

पांझरा :

पार्किन्सनमध्ये मेंदूच्या खोल भागातल्या, एका विशिष्ट प्रकारच्या पेशी प्रामुख्याने मरतात. काय बदलायचं आणि कुठे बसवायचं हे ठाऊक आहे. अल्झायमरमध्ये मेंदूभर पसरलेलं जाळंच उसवत जातं, तिथे पेशी बसवून आठवणी परत येतील अशी स्थिती आज अजिबात नाही. मोटर न्यूरॉनमध्ये मेंदूपासून मणक्याच्या टोकापर्यंतच्या पेशी जातात. त्या आजारावर मज्जेतल्या पेशींपासून केलेला एक उपचार अमेरिकेत मंजुरीच्या अर्जापर्यंत गेला होता, पण त्याच्या शेवटच्या मोठ्या चाचणीत ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट साधलं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या सल्लागार समितीने पुरावा पुरेसा नसल्याचं सांगून १७ विरुद्ध १ मतांनी नकार दिला. तिन्ही आजारांवर एकच सुई विकणारा माणूस यातलं काहीच तुम्हाला सांगत नाही, एवढ्यावरून ओळखा. मेव्हण्यांचं श्वासाचं आणि गिळण्याचं नियमित तपासून घ्या, त्याने आयुष्य खरंच वाढतं.

पॅराक्वाट आणि पार्किन्सन यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. एखाद्या रुग्णाला त्यामुळेच झाला असं बोट ठेवून सांगता येत नाही. पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला फवारणी करणाऱ्या पोरांना आधी थांबवा.

केळीबाग :

आमच्याकडे एक वैदूबाबा खाजकुयलीच्या बियांची पूड देतात. ती पण फसवणूकच का?

वाघूरकाठ :

नाही, तिथे गोष्ट वेगळी आहे. खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणजे तुमच्या वडिलांच्या गोळीतलंच द्रव्य. सातपुड्यात ही वेल रानोमाळ आहे. अडचण अशी की पुडीत ते किती हे मोजलेलं नसतं. गोळी चालू असताना पूडही घेतली तर डोस वाढतो, अंग वळवळतं, उठताना चक्कर येते. घेत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका, एवढंच.

गोळीवरून आठवलं. गोळी जेवणाच्या अर्धा तास तरी आधी, पाण्याबरोबर घ्यावी. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं आतड्यात त्या औषधाच्या आड येतात. आमच्याकडे सकाळी कळण्याची भाकरी असते, तिच्यात उडीद. नाना गोळी आणि न्याहारी एकदमच करायचे आणि अकरा वाजेपर्यंत ताठरलेले असायचे. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली, गोळी तीच, आणि आता नऊच्या सुमारास ते अंगणात फेऱ्या मारतात. साडेचार लाखांच्या सुईआधी हे फुकटचं तर करून बघा. व्यायाम, मोठ्याने वाचन, गिळण्याचा सराव, यांनाही फिजिओकडून शिकून घ्या. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि घरचे दोघेही तिथे एकमेकांशी बोलतात. भुसावळचे काका, तुमच्या लाल पट्ट्यांसारखी युक्ती तिथल्या कितीतरी घरांना उपयोगी पडेल.

गार्ड_भुसावळ :

मंडळींना वाचून दाखवलं. खूश झाल्या. अजून दोन खोल्यांत पट्टे मारायचं ठरतंय.

डॉक्टरसाहेब, मेंदूत तार बसवतात ते ऑपरेशन माझ्या वयाला होईल का? ते तरी खरं आहे ना?

पांझरा :

ते खरं आहे, काका. डीबीएस म्हणतात. मेंदूत बारीक तार आणि छातीत कातडीखाली बॅटरी. त्याने आजार जात नाही, पण गोळीचा चढ-उतार बऱ्यापैकी सपाट होतो. नियम ढोबळ असा, की गोळीने ज्या गोष्टी सुधारतात त्याच साधारणपणे तारेनेही सुधारतात. तुम्हाला गोळीने अंग मोकळं होतं ही चांगली खूण. सत्तरीनंतर जपून ठरवतात, स्मरणशक्ती तपासतात. सरसकट नाही म्हणणार नाही. हालचालींच्या आजारांचा खास विभाग असलेल्या ठिकाणी एकदा दाखवून या, आणि जाताना तुमच्या चढ-उताराचं तासवार टिपण आठवडाभराचं लिहून न्या. गार्डच्या डायरीसारखं लिहिलंत तर डॉक्टरांचं निम्मं काम होईल.

केळीबाग :

काल काकांच्या समोर, फोन स्पीकरवर ठेवून तिथे विचारलं. चाचणी आहे का? असेल तर सीटीआरआयचा (देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक द्या. पेशी कुठल्या, कुठल्या प्रयोगशाळेत तयार होतात? पैसे का घेता? पहिली बाई म्हणाली सरांना विचारून सांगते. मग सर आले. ते म्हणाले, तुम्हाला वडिलांना बरं करायचंय की चौकशी करायचीय? काका तोवर गप्प होते. हे ऐकल्यावर त्यांनीच फोन घेतला आणि म्हणाले, 'साहेब, केळीचा व्यापारीसुद्धा भाव आधी सांगतो आणि पट्टी लेखी देतो.' आणि ठेवून दिला.

पैसे भरणार नाही. जळगावला न्यूरोकडे नंबर लावलाय. अजून काही कागदपत्रांचं करायचं का?

वाघूरकाठ :

फार बरं वाटलं वाचून, दादा. काकांना माझा नमस्कार सांगा.

कागदपत्रांचं हो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सनचं नाव आहे, बऱ्याच घरांना ते माहीतच नसतं. यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरा. आधार, फोटो आणि न्यूरोचे सगळे जुने कागद लावा. मग सरकारी रुग्णालयात तपासणीला बोलावतात. वडिलांना गोळीचा असर उतरलेल्या वेळी त्रास किती होतो हे तपासणाऱ्या डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण नेमके तिथे ते चांगले चालतील. शक्य असेल तर घरी तशा वेळचा छोटा व्हिडिओ काढून फोनमध्ये ठेवा. आणि बँकेतल्या सहीचं : मॅनेजरला भेटून अंगठ्याची किंवा नव्या सहीची नोंद करून घ्या, पीक कर्जाच्या वेळी अडायला नको.